ज्या मनगटासाठी मी आले

मी प्रेशरची मशीन बोलतेय. मनगटाला घड्याळासारखी बांधतात ना, ती. आता माझे सेल काढून ठेवलेत. पडदा कोरा आहे आणि बोलायला सवड भरपूर आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते कल्याणचं मेडिकलचं दुकान. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी दंडाला बांधायची एक जाडजूड मशीन असायची. मी नाजूक, सुटसुटीत. मनातल्या मनात तिला हसायचे.

दुकानात काउंटरला रंजिता होती. तिचं माहेर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे आई गोदू आणि बाबा कमळू, दोघंच. गोदूला प्रेशरचा त्रास. तपासायचं म्हणजे आधी जीप, मग एसटी, मग दवाखान्याच्या बाकावर अख्खा दिवस मोडायचा. तेवढ्यात टोकावड्याला मोबाइलचा टॉवर आला. दवाखान्यातले डॉक्टर रंजिताला म्हणाले, "त्यांना घरीच मोजू द्या. फोनवर आकडे कळवा, मी गोळ्या ठरवीन." रंजिताने आम्हा दोघी मशिनींना हातात घेऊन पाहिलं आणि आईला सोपी जाईल म्हणून मला निवडलं. तेव्हा मला कोण अभिमान वाटला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा गोदू नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. दोन्ही हात पिठाने माखलेले. म्हणून रंजिताने मला कमळूच्या मनगटाला बांधून दाखवलं. कमळू थोडाफार शाळेत गेलेला, आकडे त्याला वाचता येत. वरचा आकडा, खालचा आकडा, ठोके. झालं शिक्षण. परतीची जीप चुकेल म्हणून ती घाईघाईने निघाली. तिच्या स्वतःच्या मनगटावर नुसतं घड्याळ होतं.

गोदूच्या दोन्ही मनगटांवर मात्र हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, कासाराने हात दाबदाबून भरलेल्या. दुसऱ्या दिवशी कमळू मला तिच्या हाताला बांधू लागला, तर मला बसायला जागाच नाही. बांगड्या पुढे येईनात की मागे सरकेनात.

"दोन-चार वाढव ना," कमळू म्हणाला.

हे वाढवणं मला नवीन. माझ्या लेखी वाढणं म्हणजे आकडा चढणं. या घरात कळलं, की बांगडी फोडली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. आणि नवरा असताना हात मोकळा ठेवायचा नसतो, कारण त्याचं आयुष्य त्या काचेत असतं.

गोदूने हात मागे घेतला. "तुमी जिते असताना माजा हात मोकला करू? जीभ चावा आधी." मग तिनेच तोड काढली. "तुमच्या हाताला बांदा. एका चुलीवरचा खातो आपन, एकाच डब्यातला मीठ. तुमचा आकडा येगला कसा यील?"

कमळू जरा घुटमळला. पण बोलणं त्यालाही पटलं, आणि पटलं नसतं तरी गोदूपुढे त्याचं काय चालणार! हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. इथे कांकणापायी आरसाच भलत्याच्या तोंडापुढे धरला.

तेव्हापासून सकाळ झाली की मी कमळूचं मनगट आवळायचे. तो आकडे तोंडात घोळवत गावदेवीच्या पारापर्यंत जायचा, कारण फोनला रेंज तिथेच लागायची. "आईचा बरा हाय गो," म्हणून आकडे सांगायचा. पलीकडे रंजिताचा जीव भांड्यात पडायचा. मी खोटं कधीच बोलले नाही. पण हात कुणाचा, हे सांगायला माझ्या पडद्यावर जागा नाही.

आकडे इतके छान, की डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. गोदू खूश झाली. म्हणाली, "बगा, देवीनी ऐकला." पुढे तिचं डोकं ठणकायला लागलं, तेव्हा फडकं आवळून बांधायची आणि उन्हावर ढकलायची. मी तिच्यापासून हातभर अंतरावर, फळीवर पडून असायचे. आपल्याला वाचा असती तर, असं मला तेव्हा फार वाटलं. अजूनही वाटतं.

राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळायचे दिवस होते. पालापाचोळ्याचा भारा डोक्यावरून उतरवता उतरवता गोदू शेतातच कोसळली. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. गावातल्या राघोच्या जीपमधून तिला मुरबाडला नेलं. डॉक्टरांना दाखवू म्हणून कमळूने मलाही पिशवीत घातलं.

तिथे नर्सने तिच्या दंडाला रुंद पट्टा गुंडाळला. माझ्या त्या जाडजूड शेजारणीसारखाच. दंडाला, बांगड्यांच्या कितीतरी वर. एकाही बांगडीला धक्का लागला नाही. आकडा बघून नर्स धावतच डॉक्टरांकडे गेली. कमळू मात्र त्या पट्ट्याकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत गोदू गेली. बायकांनी तिला नवा हिरवा चुडा भरला, ओटी भरली. "भरल्या हातानी गेली, नशिबाची गो," असं त्या म्हणत होत्या. कमळू ऐकत होता.

"मशीनच खोटी निघाली," रंजिता रडत म्हणाली. बापाने मान खाली घातली. खरं त्याच्या ओठांवर येत होतं आणि परत फिरत होतं. सांगितलं तर लेक आपल्यापासून कायमची तुटेल, ही एकच भीती त्याला होती.

तेरावं झालं, रंजिता कल्याणला परतली. एकदा पारावर तिचा फोन आला. "बाबा, आता तुमचं बघत जा. खोटी तर खोटी, पण तेवढाच मला आधार. बांधा, मी थांबते."

मुरबाडहून आल्यापासून मी त्याच्या पिशवीतच होते; कमळूने मला काढून बांधलं. मी आवळले, सैल झाले. त्याने वाचलं, "वर एकशे अठरा. खाली शहात्तर. ठोके बासष्ट."

पलीकडे तिने तेच आकडे हळूच परत म्हटले.

"बाबा," रंजिता म्हणाली, "हे तर आईचे आकडे."

कमळूने पाराला टेकून डोळे मिटले. "तुज्या आईचे आकडे आपल्याला कदी कललेच नाय, बाय," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं.

तिने फोन ठेवला नाही. दोघं दोन टोकांना रडत होती आणि मी त्याच्या मनगटावर तशीच होते. घरी आल्यावर त्याने माझे सेल काढले. तेव्हापासून मी कोनाड्यात आहे.

आईबापांसाठी माझ्यासारखी मशीन न्यायची असेल तर जरूर न्या. आम्ही वाईट नाही. फक्त दुकानात जाण्याआधी एकदा त्यांचा हात आपल्या हातात घ्या, आणि नीट बघा.