सव्वीस नंबरचा पाट

घणसोली गावात जुन्या पंचायतीच्या खोलीत आमचं संग्रहालय होतं. एकूण चाळीस वस्तू. जुनी घरं पाडून गावात मजले चढत होते आणि घरातली भांडी-अवजारं भंगारात जात होती. त्यातली वाचवता आली तेवढी मी तीन वर्षांत मागून आणली होती: तांब्याचे हंडे, उखळ, जाती, होडीचं वल्हं, मिठागरातली वजनं. मी वाशीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि रविवारी इथे नोंदी करायचे.

एक नोंद मला छळत होती. खाडीच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवट पडायला हवं. आमचे हंडे मात्र दर वर्षी जास्तच चकाकत होते. खोलीतल्या हवेत काहीतरी विशेष असणार असं धरून मी त्यावर निबंध लिहायला घेतला होता. अकरा पानं झाली होती.

१९९६च्या एप्रिलमध्ये महापालिकेच्या कार्यालयाचं पत्र आलं. खोली एका केबलवाल्याने मागितली आहे. नोंदवहीतल्या चाळीसही वस्तूंची खात्री पटली तरच ती संग्रहालयाकडे राहील. एक जरी कमी भरली तरी खोली जाणार. तपासणी सोमवारी, दहा वाजता.

रविवारी संध्याकाळी मी प्रत्येक वस्तूच्या तळाशी लाल ऑईलपेंटने आकडे नव्याने रंगवले. रंग वाळायला चोवीस तास लागतात, म्हणून राखणदार पंढरीला बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही."

सोमवारी साडेनऊला खोली उघडली, तर आत फक्त पंढरी होता. नवा पांढरा शर्ट घालून बसलेला.

"पंढरी, वस्तू?"

"हायेत ना, मॅडम."

"कुठे?"

"लगनात. माझे भाच्याचे, प्रीतमचे. तुमाला पत्रिका दिलती."

दिली होती. नोंदवहीत खुणेला ठेवली होती मी.

"अहो, पण आजच?"

"हर लगनाला जातात. लोकांनी देतानाच सांगितलं होतं, गावात लगीन निघालं तं न्यायला मिलाला पायजे. मी हो बोललो. तुमाला इचारलं असतं तं तुमी नाय बोलला असता."

मी खुर्चीत बसले. मग हळूच विचारलं, "हंडे घासता का तुम्ही?"

"बाया घासतात. चिंच लावून. मळका परत दिला तं तुमी वरडाल ना."

अकरा पानं.

एवढ्यात तपासणीचे निकमसाहेब आले. घामाघूम, काखेत फाईल, बोली अस्सल साताऱ्याची. रिकाम्या भिंतींकडे बघून म्हणाले, "बाई, हितं तर कायच न्हाई. संग्रहालय कुठंशी हाय म्हणायचं?"

"पाच मिनिटांवर," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मागच्या आळीत मंडप होता. तीन कंदील खांबांना टांगलेले. कावळे येऊ नयेत म्हणून वरती आमचं मासेमारीचं जाळं ताणलेलं. मंडपाच्या दोऱ्यांना मिठाची वजनं बांधलेली. आचारी होडीच्या वल्ह्याने भात ढवळत होता.

"हे किती नंबर?" निकमांनी विचारलं.

"नऊ. दांड्याच्या टोकाला आहे."

"काढा भायेर. बघू द्या."

आचाऱ्याने वल्हं काढून दाखवलं. भात करपला तर साहेब जबाबदार, हेही ऐकवलं. उखळ आडवं करायला तिघे लागले. सुपाने तांदूळ पाखडणाऱ्या बाईने सूप उलटं करायला साफ नकार दिला, तेव्हा साहेबांनी ते तिच्या डोक्यावर धरायला लावून खालून वाचलं. ओल्या रंगाचे ठसे सगळीकडे उमटले होते. एका करवलीच्या कमरेवर उलटा अकरा होता.

बारा वाजता मोजणी एकोणचाळीसवर थांबली. सव्वीस नंबर मिळेना. सव्वीस म्हणजे सागवानी पाट.

"माझे ध्यानात नाय," पंढरी म्हणाला, आणि मांडवाच्या वाशांकडे बघू लागला.

निकमांनी फाईल मिटली. "माझा इलाज न्हाई, बाई. चाळीस म्हंजे चाळीस."

मी पंढरीकडे पाहिलं. तो डावा हात अंगाशी घट्ट धरून उभा होता. सकाळपासून तसाच.

"पंढरी, हात वर करा."

काखेखाली पांढऱ्या शर्टावर लाल, उलटा सव्वीस होता.

"नवऱ्याचे खाली हाय," तो कसाबसा म्हणाला. "म्हनून नाय बोललो. साहेब उठवतील त्याला."

प्रीतम पाटावर बसला होता, नखशिखांत हळदीने माखलेला. त्याची आजी, सुमित्राबाई, त्याच्यापुढे हात पसरून उभी राहिली. "हलद उतरल्याबिगर पोऱ्या उठनार नाय! अपशकुन हाय!"

"उठायचं नाही ना?" मी विचारलं. "मग पाटासकट उचलला तर?"

आजीने आणखी दोन म्हाताऱ्यांशी विचारविनिमय केला. उचलायला बंदी असल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

चौघांनी पाट धरला. "मामा, पाडशील मना!" प्रीतम ओरडला. निकमसाहेब सारवलेल्या जमिनीवर उताणे झोपून खाली सरकले.

"अजून वर घ्या! दोन हाय... फुडं जरा पसरलंय... सहा! सव्वीस! चाळीस झाले!"

बँडवाल्यांना वाटलं आपल्यालाच इशारा मिळाला. त्यांनी दणक्यात सुरुवात केली. दचकलेल्या चौघांनी पाट तिरका केला आणि नवऱ्याच्या अंगावरची वाटीभर हळद साहेबांच्या छातीवर आली. उरलेली बायकांनी लावली. म्हणाल्या, अर्धवट ठेवत नाहीत.

जेवणं झाल्यावर निकमांनी फॉर्म भरला. 'वस्तूंची अवस्था' या रकान्यात चांगली, दुरुस्तीयोग्य आणि निकामी असे तीन पर्याय होते. त्यांनी तिन्ही खोडून लिहिलं: 'कामावर हजर'.

निघताना मी त्यांना सांगितलं, "शर्टावरच्या हळदीला साबण लावू नका. पाण्याने धुवा आणि कडक उन्हात टाका."

"बाई, कपडं धुवायचं मला काय शिकवताय!"

त्यानंतर नोंदवहीत मी 'पुढचं लग्न' असा नवा रकाना आखला. आठवड्याभरात कार्यालयाचं पत्र आलं: खोली संग्रहालयाकडे ठेवण्यास हरकत नाही. खाली शाईने, साहेबांच्या हातचं होतं: 'साबण लावला. शर्ट लालभडक झाला. कारण लेखी कळवावे.'