हिरडीखालचं हाड

थोरलीच्या हिरडीतून पहिल्यांदा रक्त आलं ते तालमीच्या वेळी. शहराच्या वाद्यवृंदात ती क्लॅरिनेट वाजवायची, तेही पहिल्या खुर्चीवर. एकट्यानं वाजवायची जागा आली की बाकी सगळे गप्प आणि ही एकटी. त्या दिवशी तालीम संपल्यावर तिनं वाद्य पुसायला घेतलं, तर ओठाला टेकणाऱ्या बोरूच्या पातळ पट्टीवर गुलाबी डाग.

"जीभ चावलीस काय?" शेजारच्या बासरीवालीनं विचारलं.

"नाही गं. हिरडी असेल."

"मग दाखव कुणाला तरी. तुझं सगळं तोंडावरच चालतं."

"घरातच डॉक्टर आहे की," थोरली म्हणाली. बोलण्यात जरासा तोरा होताच.

घरातली डॉक्टर म्हणजे तिची धाकटी बहीण. लहानपणी थोरलीच्या तोंडात चमचा घालून 'आ कर, ताई' म्हणणारी. मोठी होऊन खरीच दातांची डॉक्टर झाली. काही वर्षं चारचौघांसारखा दवाखाना चालवला आणि मग तिला नवा मार्ग सापडला. दात म्हणजे सुटी वस्तू नव्हे, अख्ख्या माणसावर उपचार करायचे, असं ती सांगू लागली. दवाखान्यात लाकडी जमीन आली, कुंड्या आल्या. औषधांचा उग्र वास जाऊन लवंगेचा मंद वास आला. खुर्चीत बसण्याआधी धाकटी पेशंटशी निवांत बोलायची. झोप कशी लागते, काय खाता, काळजी कसली करता. त्यात खोटं काही नव्हतं. थोरलीला रक्तातली साखर तपासून घ्यायला पहिल्यांदा तिनंच लावलं होतं.

तिनं थोरलीला तोंडात धरायला तेल दिलं, हिरड्यांना चोळायला एक चूर्ण दिलं, झोपायच्या आधी करायचा श्वासाचा व्यायाम शिकवला. काही आठवड्यांत रक्त थांबलं. थोरली इतकी खूश झाली, की धाकटीनं फोटो मागितला तेव्हा क्लॅरिनेट हातात धरून बत्तिशी दाखवत उभी राहिली. तो फोटो मोठा करून दवाखान्यात लागला. खाली ओळ होती, 'माझ्या ताईच्या हिरड्या. सुरी नाही, सुई नाही.' लोक फोटो पाहायचे, आणि सख्ख्या बहिणीवर केलेला उपाय म्हटल्यावर शंका कुणाला येणार? दवाखाना भरून वाहू लागला.

पुढं सकाळी तोंडाला वास यायला लागला. वरच्या समोरच्या दोन दातांत फट पडली. थोरली दर वेळी धाकटीकडे जायची. धाकटी आरसा धरून बघायची, बोटानं हिरडी दाबायची.

"बघ, कशा गुलाबी आहेत. उगाच मनाला लावून घेतेस."

"पण फट कशी पडली?"

"झोपेत जबडा आवळतेस तू. ताण कमी कर, ताई."

थोरलीनं ताण कमी करायचा प्रयत्न केला. संध्याकाळचा चहा सोडला, फिरायला जाऊ लागली, व्यायाम वाढवला. मग एका तालमीत लांब सूर धरलेला असताना वाद्याला टेकलेला वरचा दात हलला. सूर फाटला. संचालकांनी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा सुरुवात केली. त्यांचं ते न बोलणंच तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी बासरीवालीनं तिला जवळजवळ ओढतच हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीच म्हणाली, "बहिणीला कळवू नकोस वाटलं तर. दुसरं मत घ्यायला काय जातं?" थोरलीला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं. बसायच्या खोलीचं दार उघडलं आणि तिचे पाय तिथंच थबकले. समोर मासिक चाळत धाकटीचा नवरा बसला होता.

तो हसतच उठला. "या, ताई. शेवटी पाठवलं तर तिनं. मी तर तिच्यापुढं दातांच्या कण्या केल्या, म्हटलं ताईंनाही इकडे पाठव. माझे निदान कण्या करण्यापुरते तरी शिल्लक आहेत."

थोरलीला हसू आलं नाही. "तुम्ही इथं कसे, भाऊजी?"

"मी? माझं नेहमीचंच. मध्ये ब्रश करताना थोडं रक्त दिसलं. हिनं लगेच खुर्चीत बसवलं, ती बारीक सळई हिरडीत घालून मोजलं आणि म्हणाली, आत खोल खाच पडलीये. लगेच इथं फोन लावला. साफ करून घेतलं, आता मधून मधून दाखवायला येतो. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, असं बाई म्हणतात."

"कधीची गोष्ट ही?"

"तुमचा तो फोटो लागला ना, त्याच सुमारास." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. थोरलीच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसलं असावं. "तुम्हाला तिनं... पाठवलं नाही?"

तेवढ्यात आतून थोरलीला हाक आली. ती आत गेली.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांनी तशीच सळई घेतली, बोथट टोकाची, खुणा कोरलेली. एकेका दाताच्या कडेला ती हिरडीत उतरवली आणि शेजारी बसलेल्या मुलीला आकडे सांगत गेल्या. पुढच्या दातांपाशी त्यांचा आवाज हळू झाला. एक्स-रे काढून त्यांनी पडद्यावर दाखवला.

"हिरडी वरून छान दिसते. चोळून, तेलानं वरची सूज उतरते, रक्तही थांबतं. रोग खाली चालूच राहतो. इथं बघा, दाताला धरून ठेवणारं हाड झिजलंय. हा एक दात काही राहणार नाही. शेजारच्याचा प्रयत्न करू."

"लवकर आले असते तर?"

"सुरुवातीला नुसतं साफ करून भागलं असतं."

"आणि सुरुवातीला कळतं कसं?"

त्यांनी सळई ट्रेमध्ये ठेवली. "हिनंच. फार वेळ लागत नाही."

थोरली तिथून थेट धाकटीच्या दवाखान्यात गेली. दुपारची वेळ होती, पेशंट कुणी नव्हता. धाकटी कुंड्यांना पाणी घालत होती. नवऱ्याचा फोन आलेला असणार, कारण ताईला पाहून तिनं झारी खाली ठेवली आणि दार लावून घेतलं.

"ताई, बस आधी."

"उभीच बरी आहे. मला एवढंच सांग, माझ्या हिरडीत सळई कधी घातलीस?"

धाकटीनं झारी उचलून कोपऱ्यात सरकवली.

"त्याच्या घातलीस. थोडं रक्त दिसलं तर लगेच."

"त्याच्या वडिलांचे सगळे दात असेच पडले होते. मी घाबरले."

"आणि माझ्या बाबतीत नाही घाबरलीस?"

"तुझं रक्त थांबलं होतं. मला वाटलं, खरंच बरं झालं."

"वाटलं की माहीत होतं?"

धाकटीनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "आधी वाटलं. मग फट दिसली तेव्हा मोजायची हिंमत झाली नाही. मोजलं असतं तर तुला पाठवावंच लागलं असतं. बाहेर लोक तुझा फोटो बघून आत येतात, ताई. त्यांना काय सांगणार होते मी?"

"त्यांचं राहू दे. मला काय सांगणार होतीस?"

थोरलीनं लहानपणापासून हिच्यासमोर डोळे मिटून तोंड उघडलं होतं. परक्यानं फसवलं असतं तर तिनं चार शिव्या घालून विषय संपवला असता. इथं शिवी घालायलाही जीभ रेटेना.

"केसानं गळा कापलास," ती हळूच म्हणाली आणि निघाली. जाताना भिंतीवरचा फोटो तिनंच खिळ्यावरून काढला आणि काखेत मारून नेला. धाकटीनं अडवलं नाही.

तो दात गेला. शेजारचा वाचला, पण वाद्याचा भार पेलण्याइतका नाही. नकली दात बसवला तरी सूर पूर्वीसारखा धरता येईना. थोरलीनं मग दुसरी रीत शिकायला घेतली. वरचा ओठही आत मुडपायचा आणि वाद्य दातांवर न टेकवता दोन्ही ओठांत धरायचं. पन्नाशीला आलेल्या बाईनं पहिल्या धड्यापासून शिकायचं म्हणजे लाजच. ओठ सुजायचे, थोड्या वेळात थकायचे, आवाज बारीक निघायचा. पहिली खुर्ची गेली. संचालकांनी तिला दुसरी दिली, तीही बासरीवालीनं भांडून मिळवून दिली असं नंतर कळलं.

आईनं दोघींना जेवायला बोलावून पाहिलं. थोरली एकदा गेली. भाजी वाढताना धाकटी हलकेच म्हणाली, "आता प्रत्येकाच्या हिरड्या मोजते मी. जरा शंका आली की बाईंकडे पाठवते."

"चांगलं आहे," थोरली म्हणाली. ते तिला खरंच चांगलं वाटलं होतं.

"तूही एकदा ये ना. मी बघते."

"माझे दात बाई बघतात."

आईनं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि थोरलीनं त्या दिवशीही सांगितलं नाही. तिनं पोळीचा तुकडा मागच्या दातांनी सावकाश चावला, जेवण पुरं केलं, आणि तालमीला उशीर होतोय म्हणून उठली.