चाळीस किलोचं पोतं

“फौजी, मुलींसाठी वीस किलो लिहा. उगाच हट्ट कशाला?” केंद्राचे प्रमुख नितीन सर म्हणाले.

तुळशीदासनं पेन टेबलावर आपटलं. “मुलीनं उचलायचा म्हणून जखमी जवान काय अर्धा होतो का, सर?”

दाभोश्याजवळच्या एका पाड्यावरचा हा माणूस बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परतला होता आणि आता जव्हारच्या भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रावर पोरांना घाम गाळायला लावत होता. सरांपुढे आवाज चढवणारा तोच एकटा. केंद्रातल्या लढाऊ तुकडीत शिरायची कसोटी त्यानंच लिहिली होती. जखमी जवान समजून वाळूचं चाळीस किलोचं पोतं एकट्यानं उचलायचं आणि खांद्यावरून टेकडीच्या माथ्यावर न्यायचं, दहा मिनिटांत. मुलगा असो की मुलगी, माप एकच. पास होईल त्याला वर्षभर राहणं, जेवण आणि शिकवणी फुकट.

भांडणाचं मूळ दारातच उभं होतं. राही, त्याच्याच पाड्यावरची. सकाळी अर्ध्या चढावर तिच्या खांद्यावरून पोतं घसरलं आणि पोरं फिदीफिदी हसली. आता उद्याची एक संधी उरली होती. तीही गेली, तर दिवाळी झाली की आईबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. तिथून परत शिकायला आलेली पोर तुळशीदासनं अजून पाहिली नव्हती.

“राही, वीस किलो चालेल ना तुला?” सरांनी मायेनं विचारलं. माणूस वाईट नव्हता, फक्त मऊ होता.

“नको सर. वीस किलोनं आत गेले, तं जन्मभर वीस किलोचीच म्हनतील. चाळीसच ठेवा.”

शाब्बास, तुळशीदास मनात म्हणाला. पण नुसत्या बाणेदारपणानं पोतं वर जात नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

बाहेर पायरीवर राहीची आई फागी बसली होती. त्याला बघताच तिनं तोंड सोडलं. “काय रं फौजी, येडा का खुळा तू? आमी बाया एकटीनं वझं कवा खांद्यावर नेतो का? चुंबळ घालून डोक्यावर नेतो. ह्यो खांदा तू कुठून काढला?”

तुळशीदास चपापला. अरे, खरंच की! नियम त्यानं फौजेच्या सवयीनं लिहिला होता. आणि ज्या पाड्यावर तो वाढला, तिथली लाकडाची मोळी, भाताचे भारे, पाण्याचे हंडे, सगळं बायकांच्या डोक्यावरूनच घरी आलं होतं. स्वतःलाच दोन शिव्या हासडून तो आत गेला आणि ‘खांद्यावरून’ हा शब्द खोडून टाकला. वजन, अंतर, वेळ तेवढं तसंच ठेवलं.

दुसऱ्या सकाळी सगळे केंद्रामागच्या ओढ्याकाठी जमले. राहीनं जुन्या लुगड्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, तशी पोरांत खसखस पिकली.

“वर चढवायला हात कोण लावनार, बाय?” संदीप ओरडला. हा मोखाड्याचा गडी काल पहिल्या झटक्यात पास झाला होता, म्हणून जरा जास्तच फुशारला होता. पण बोलला ते खोटं नव्हतं. एवढं ओझं डोक्यावर घ्यायला बाईला दुसऱ्या बाईचा हात लागतो, आणि कसोटीत हात लावायला बंदी. हे तुळशीदासच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शिट्टी वाजली. राहीनं पोतं उचललंच नाही. उताराच्या बाजूनं ते लोळवत तिनं शेजारच्या खाचराच्या बांधावर चढवलं, उभं केलं. मग बांधाच्या खाली उतरून गुडघे वाकवले, पोतं डोक्यावर कलतं घेतलं आणि दातओठ खात उठली. रानात एकट्या गेलेल्या बाईची ही जुनीच रीत.

“सर, ही चीटिंग! हिनं बांधाची मदत घेतली!”

“बांध काल तुझ्यासाठीही होताच की!” तुळशीदास गरजला. “कुणी नको म्हटलं होतं?”

राही निघाली. मान ताठ, पावलं छोटी, चढावर तिरकी तिरकी. काल पोतं पडलं त्याच जागी तिचे पाय लटपटले. फागी किंचाळली, “थांबू नको गं! थांबलीस तं खपलीस!” पोर थांबली नाही. आठ मिनिटं चाळीस सेकंदांनी माथ्यावर धप्पकन पोतं पडलं आणि सगळा माळ दणाणला. नितीन सर तर चप्पल सोडून नाचले. सगळ्यांच्या आधी वर पळाला तो संदीप. “बाय, ती चुंबळ कशी वळत्यात गं? माझा खांदा पार सोलपटून निघालाय!”

तुळशीदासचे डोळे भरून आले होते. त्यानं ते पुसलेही नाहीत. फागी शेजारी उभी होती, आणि नऊ वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते त्यानं आज विचारलं. तो सीमेवर असताना त्याची बायको सुकी तापानं फणफणली होती. पाड्याला रस्ता नाही, बाप्ये सगळे भट्टीवर. फागीनं आणि तिघी बायकांनी तिला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं होतं. दवाखान्यात सुकी वाचली नाही, पण जीपमध्ये बसेपर्यंत ती बोलत होती.

“फागीबाय, सुकी… लई जड लागली का गं?”

फागीनं त्याच्याकडे नवलानं बघितलं. “कुनी मोजलं, फौजी? पोचवायची होती.”

तो आत गेला, वही उघडली, आणि खोडलेल्या नियमाखाली नवा नियम लिहिला : ‘चाळीस किलो, दहा मिनिटं. कसंही, पण पोचवायचं.’ त्याखाली राहीचं नाव घातलं, आणि शिट्टी गळ्यात अडकवून पुढच्या पोराला हाक मारायला बाहेर आला.