तीस इंची तारा

वाद्यांच्या दुकानात भावेशभाईने बेस गिटारची तार काउंटरच्या काचेवर ठेवली, तिच्या कापलेल्या टोकावरून नख फिरवलं आणि वर न बघताच विचारलं,

"आधी कापली ना, बेन?"

"लांब होती," मानसी म्हणाली. "जाड भाग थेट खुंटीपर्यंत येत होता. भोकात जाईना."

"म्हणून पक्कड घेतली."

"हो."

"गेली मग. आतली तार वेगळी, वरचं वेटोळं वेगळं. न वाकवता कापली की वेटोळं सुटतं. आता वाजवा, गोणी बडवल्यासारखा आवाज येईल. ऑनलाइन मंगवाया?"

"हो."

"पाकिटावर लाँग स्केल लिहिलं असणार, म्हणजे चौतीस इंची."

लिहिलं होतं. तिने वाचलंही होतं. घरात भिंतभर पुस्तकं असलेल्या बाईने ते दोन शब्द वाचून सोडून दिले होते. बेस गिटारला बेस गिटारच्या तारा लागतात, यापलीकडे त्यात काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"तुमची किती इंची? खालच्या घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत."

मानसीने घरी फोन लावला.

"आई, शिवणाची टेप घे आणि पप्पांची गिटार जरा—"

"तीस," कांता म्हणाली.

"मोजून सांग ना."

"मोजायचं काय त्यात? आखूड आहे ती. चौतिसाच्या तारा आणल्यास होय? पाचला आत्मारामभाऊ येणारेत, लवकर ये."

केर काढताना त्या गिटारला 'ते दांडकं' म्हणणाऱ्या आईला माप तोंडपाठ होतं. मानसीने फोन पर्समध्ये टाकला. भावेशभाईने वरच्या फळीवरून आखूड तारांचं एकुलतं एक पाकीट काढलं.

"दुसरा सेट नाही हां. आता आधी वाकवा, मग कापा."

मानसी नवघरच्या घरी परतली. तिचा बाप कोंडिराम जाऊन चार महिने झाले होते. आत्मारामच्या गायन पार्टीत तो सत्तावीस वर्षं बेस वाजवत होता. आता त्याच्या जागी संघर्ष नावाचा मुलगा उभा राहणार होता आणि गिटार त्याला द्यायची, हे कांतानेच ठरवलं होतं. अट एकच, नव्या तारा घालून द्यायची. माणूस गेलं म्हणून त्याची वस्तू उघडीवाघडी देऊ नये, असं तिचं म्हणणं.

मानसीने गिटार पलंगावर आडवी ठेवली. जाड तारेचं गोल टोक घोडीत अडकवलं, दुसरं वर ओढलं. तार उसळून तिच्या मनगटावर बसली. पुन्हा ओढली, पुन्हा उसळली.

कांता पदराला हात पुसत आली, शेजारी टेकली आणि तारेवर तळवा दाबून बसली. जागा शोधावी लागली नाही.

"मी धरते. दोन खुंट्या पुढे जाऊ दे. आता वाकव. पुरती वाकव, घाबरू नको. हां, काप आता."

चारही तारा चढल्या. मानसीने जाड तार छेडली. कांताने मान तिरकी केली.

"चढव. अजून. थांब, उतरव जराशी. बस."

मग तिने त्याच तारेवर पाचव्या घरात बोट दाबलं. "आता ही वाजव, आणि मग शेजारची मोकळी. दोघी एक झाल्या पाहिजेत."

मानसीचा हात खुंटीवरच राहिला.

"आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच. दुसरं कोण शिकवणार?" कांताने बोट उचललं नाही. "ऐकू येईनासं झालं तेव्हा."

"पप्पांना?"

"सहा वर्षं झाली असतील. आधी डावा कान गेला, मग उजवा. वाजवायला अडत नव्हतं. लाकूड पोटाला लागलेलं असतं, त्याच्या थरथरीतून कळायचं म्हणे. ढोलकीवाल्याच्या हातांकडे बघून ताल धरायचे. फक्त तारा लावता येईनात. मग कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी लावून द्यायची."

"मशीन का नाही घेतलं?"

"कानात मशीन घालून स्टेजवर? आत्मारामभाऊंनी शाल पांघरवून घरी बसवलं असतं."

"मला तरी सांगायचं."

"तुला तर मुळीच सांगू नको म्हणाले. डॉक्टरकडे ओढत नेईल म्हणाले."

मानसी दर रविवारी फोन करायची. पप्पांचं ठरलेलं, कशी आहेस, बरं चाललंय ना, घे, आईशी बोल. एवढंच. गेल्या दिवाळीत ती आईला म्हणाली होती, पप्पांना माझ्याशी बोलायला काही नसतंच. तसं नाही गं, म्हणून आईने भाजी काय केलीस ते विचारलं होतं.

"जास्त झाली," कांता म्हणाली. "तुटेल."

मानसीने खाली पाहिलं. ती खुंटी पिळतच राहिली होती. तिने सावकाश उलटी फिरवली, दोन्ही तारा एक होईपर्यंत.

पाचला आत्माराम आला. जयभीम घालून त्याने खुर्ची ओढली, गिटार मांडीवर घेतली, चारही तारा एकेक करून छेडल्या आणि डोळे मिटून बारीक हुंकार भरला.

"वहिनी, तारा नव्या, पण लागलीय अगदी कोंडिरामची! अहो, बाकीचे स्टेजवर पिळत बसायचे. हा गडी घरून लावून यायचा, खुंटीला हात नाही. काय कान होता माणसाचा!"

कांता चहाचं आधण ठेवायला उठली.

"लावली कुणी पण?"

आत स्टीलचं पातेलं ओट्यावर वाजलं.

"मी," मानसी म्हणाली. "मोबाइलवर बघून."

"मोबाइलवर!" आत्माराम हसला. "तुझा बाप असता तर नुसता फोन लावून ऐकवली असतीस तरी त्याने सांगितलं असतं, कुठली तार किती उतरलीय ते."

"हो," मानसी म्हणाली. "फोनवरूनसुद्धा कळायचं त्यांना."

तिने गिटारची पिशवी उघडून पलंगावर पसरली. आतून कांताचा आवाज आला,

"भाऊ, साखर चालते ना अजून?"