भेगेवरची काच

एका सकाळी बाबांनी जुन्या फोटोफ्रेमची काच काढून तिची बोटभर रुंदीची पट्टी कापली.

"घरात एक काच शाबूत ठेवू नका तुम्ही," आई म्हणाली.

"घरातली फुटली तर चालतं. पुलावरची फुटता कामा नये."

मग आम्ही दोघं नदीवर गेलो. दगडी कमानीचा तो जुना पूल पाडायचा की मजबूत करून ठेवायचा, हे इंजिनीअर म्हणून मला ठरवायचं होतं. बाबा पुलांच्याच कामातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पुलाचं नाव निघालं की त्यांचा पाय घरात ठरत नसे. कमानीच्या पोटाला लांब भेग होती. शिडीवर चढून त्यांनी ती पट्टी भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं गिलाव्यात बसवली. भेग केसभर जरी हलली, तरी काच तडकणार.

"शिडी नीट धर. मी पडलो तर आई तुलाच बोलेल. पूल टिकेल म्हणतेस?"

"टिकेल."

"मग चाचणीला वजन चढवाल तेव्हा खाली उभी राहा." टिकेल म्हटलेल्या पुलाखाली स्वतः उभं राहायचं, ही त्यांची जन्माची रीत. खाली उतरून हात पुसताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "या कामात आवडीने आलीस, की मार्कांनी ढकललं?"

"मार्कांनीच," मीही नेहमीचंच उत्तर दिलं. ते हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

चाचणी पुढे ढकलू, असं ऑफिसात सगळे म्हणत होते. मी नको म्हणाले. ठरल्या दिवशी खडीने भरलेले ट्रक एकामागून एक पुलावर चढले आणि कमानीच्या बरोबर मध्यावर थांबले. मी खाली उभी होते. वरून घरघर उतरत होती, सांध्यातली चिमूटभर माती माझ्या हेल्मेटवर पडली.

ट्रक गेल्यावर मी शिडी चढले. पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. कडेच्या वाळलेल्या गिलाव्यात बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता.

"मॅडम, काय झालं?" कठड्यावरून मुकादमाने विचारलं.

"शाबूत आहे. पूल राहतोय."

वर कुणीतरी शिट्टी वाजवली. मी शिडीच्या पायरीवरच बसले, आणि कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला. ठशावर अंगठा टेकवला. माझा त्यात सहज मावला.

"आवडीने आले, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "पहिल्यापासून आवडीनेच."