खुला मसुदा

दादाचा फोन आला की तो काय विचारणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं.

"काय किडूबाई, छापून आलं का?"

तो मधमाश्या पाळायचा आणि ती विद्यापीठात त्यांच्यावर संशोधन करायची. माश्यांच्या अंगाला चिकटून पेट्याच्या पेट्या संपवणाऱ्या लालसर किड्यांवर तिला उपाय सापडला होता. पेटीला ठरावीक वेळ नेमकी ऊब दिली की किडे गळून पडायचे, माश्या तगायच्या. पण तिचा लेख एका नामांकित नियतकालिकाकडे कधीचा पडून होता. 'तपासणी चालू आहे' यापलीकडे तिथून काही कळत नव्हतं. आणि छापला तरी वर्गणीदारांनाच उघडणार.

"मला फोनवर सांगितलंस, ठीक आहे," दादा म्हणाला. "पण इथे सगळ्यांच्याच पेट्या ओस पडतायत. माझ्या तोंडी गप्पांवर कोण विश्वास ठेवणार?"

त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. चहा करायची आणि गार झाला की ओतून द्यायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि काय पाहायचं होतं तेच विसरायची. शेवटी ती मार्गदर्शक सरांच्या खोलीत शिरली.

"सर, मसुदा खुल्या संकेतस्थळावर टाकूया. कुणालाही फुकट वाचता येईल."

"आणि आधीच उघड केला म्हणून नियतकालिकाने लेख परत पाठवला तर? तुझी नोकरीची मुलाखत तोंडावर आलीय."

"तोवर माश्या थांबतील का, सर?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "टाक बाई. नाहीतर तू मलाही स्वस्थ बसू द्यायची नाहीस."

त्याच दुपारी तिने मसुदा टाकला आणि दुवा दादाला पाठवला. तरीही जिवाला चैन पडेना. कुणी काही लिहिलंय का, हे ती घडोघडी पाहत राहिली.

आठवड्याभराने मसुद्याखाली एका परदेशी पशुवैद्यक बाईंचा अभिप्राय दिसला. 'राणी माश्या जिवंत राहिल्या, हे तुम्ही नोंदवलंय. पुढे त्यांनी अंडी घातली का, हे पाहिलंत? मी असाच प्रयोग केला होता. उबेनंतर माझ्या बऱ्याच राण्या वांझ झाल्या. फसलेला प्रयोग म्हणून माझा लेख कुणी छापला नाही.' सोबत सगळे आकडे होते.

तिने राण्या फक्त जिवंत आहेत ना, एवढंच पाहिलं होतं. तिने तडक फोन लावला.

"दादा, थांब! राणी बाजूला काढल्याशिवाय ऊब देऊ नकोस."

"अर्ध्या पेट्या झाल्यात गं."

"आणि बाकीच्यांनी?"

"काहींनी सुरू केलंय. मी सांगतो सगळ्यांना. पण तूही लिही, ठळक लिही."

तिने मसुद्याच्या अगदी वर, साध्या भाषेत इशारा लिहिला. बाईंना विचारून त्यांचे आकडे जोडले आणि त्यांचं नावही घातलं. सरांनी वाचून मान हलवली. "चूक दोघांची आहे. लेखावर माझंही नाव आहे. मुलाखतीच्या समितीने विचारलं तर तसंच सांग."

समितीने विचारलंच. तिने तसंच सांगितलं आणि नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. नियतकालिकानेही लेख परत पाठवला. खुला मसुदा मात्र लोक वाचत होते, राणी काढून ऊब देत होते आणि आपापले अनुभव खाली लिहीत होते.

पुढच्या सुट्टीत ती दादाकडे गेली. ऊब दिलेल्या पेट्यांमधल्या बऱ्याच राण्यांनी अंडी घालणं थांबवलं होतं. दादाने त्या राण्या काढल्या होत्या आणि आता तो चांगल्या पेट्यांमधल्या, अंडी असलेल्या पोळ्यांच्या चौकटी तिथे बसवत होता, म्हणजे कामकरी माश्या त्यातून नवी राणी वाढवतील.

"चिडलायस?" तिने विचारलं.

"चिडलोय तर! हातातली कामं संपू देत, मग तुझ्याकडे बघतो." त्याने एक चौकट तिच्या हातात दिली. "सांभाळून. उलटी धरू नकोस."

माश्या तिच्या हातमोज्यांवर चढल्या. तिने चौकट सरळ धरली आणि श्वास रोखून हळूहळू पेटीत सोडली.