खालचे चार चेंडू

मी एक जुनी पन्हळ आहे, पण छपरावरची नव्हे. पावसाच्या पाण्याचा एक थेंबही मी कधी वाहून नेला नाही. माझ्यातून चेंडू घरंगळतात, आणि तेही गोल्फचे! गोल्फच्या क्लबात पन्हळीचं काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. थांबा मित्रांनो, सगळं सांगते. मला घाई नाही. लोकांना थांबायला लावण्यातच माझा जन्म गेला.

क्लबच्या इमारतीला नव्या पन्हळी बसवल्या, तेव्हा दोन हात लांबीचा एक तुकडा उरला. तो फेकून देणार होते. तिथल्या लोहारानं तो उचलला, ठोकून ठोकून एका चेंडूपुरता अरुंद केला आणि खालच्या टोकाला पट्टीचा अडसर लावला. मग हिरवा रंग देऊन त्यानं मला पहिल्या फटक्याच्या जागेजवळ, एका खांबावर तिरकं बसवलं. ठोकताना फार दुखलं, पण त्याचा राग मी कधीच सोडून दिला.

माझं काम सोपं होतं. खेळायला आलेल्यानं आपला चेंडू वरून माझ्यात टाकायचा. तो गडगडत खाली यायचा आणि आधीच्या चेंडूला टेकून बसायचा. खालचे चार चेंडू ज्यांचे, ते चौघे मिळून खेळायला जायचे. ओळख असो वा नसो. आधी येईल तो आधी खेळेल, मग तो कुणी का असेना. एकदा एका बड्या पाहुण्यानं आपला चेंडू हळूच खाली सरकवला होता. नंबरमामांनी तो सगळ्यांदेखत उचलून वर टाकला आणि म्हणाले, "चेंडूला चक्कर आली वाटतं, साहेब!"

नंबरमामा म्हणजे कुणाचा नंबर लागला ते पुकारणारा माणूस. त्यांचा आवाज असा खणखणीत, की शेवटच्या झेंड्यापाशी उभा असलेला माणूसही दचकायचा. ते रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचे. माझ्याशी बोलायचेसुद्धा, पण कुणी आलं की खोकल्याचं सोंग करायचे.

चेंडू ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाची खूण असायची. दातांच्या डॉक्टरांनी आपल्या चेंडूवर एक दाढ काढली होती. बसच्या ड्रायव्हरनं चाक काढलं होतं. आणि लाल शाईचे तीन बारीक टाके असलेला चेंडू आला, की माझा पत्रा नुसता खुलायचा. तो आमच्या शिंपीणबाईंचा!

शिंपीणबाईंचा फटका लांब जात नसे, पण सरळ जायचा. डॉक्टरांचा चेंडू झाडीत शिरला, की त्या म्हणायच्या, "डॉक्टर, उसवलं बघा!" डॉक्टर हसायचे आणि झाडीत वाकून शोधत बसायचे. एरवी हे दोघे जन्मात कधी भेटले नसते. माझ्या खालच्या टोकाला त्यांचे चेंडू शेजारी आले, एवढंच निमित्त झालं.

बाईंच्या घरी त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. तिला एकटं सोडता येत नसे. शेजारच्या वहिनी कधीतरी दारात येऊन म्हणायच्या, "दोन तास मी बसते ताईंजवळ, जा तू." तो दिवस कोणता, ते वहिनींनाही आधी माहीत नसायचं. बाई तशाच निघायच्या, कधी गळ्यातली मापाची टेप काढायचीही विसरून. आठवड्यातले तेवढेच दोन तास त्यांचे स्वतःचे होते.

आता खरं सांगायचं, तर सगळेच माझ्यावर खूश नव्हते. एक नर्सबाई होत्या. ड्यूटी संपवून यायच्या, चेंडू टाकायच्या आणि तास-दीड तास बाकावर वाट बघत बसायच्या. एकदा तिथेच त्यांचा डोळा लागला. मामांनी दोनदा पुकारलं, पण त्या इतक्या दमल्या होत्या की उठल्याच नाहीत, मग त्यांचा नंबर पुढच्याला गेला. जाग आल्यावर त्या रडकुंडीला आल्या. "माझ्याकडे दिवसाला एवढाच वेळ असतो हो," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. वाट बघायला लावणं हेही एक प्रकारे लुबाडणंच झालं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून क्लबात बुकिंग आलं, तेव्हा मी मनातून तितकीशी चिडले नाही. नवे सेक्रेटरीसाहेब आले होते. आठवडाभर आधी मोबाइलवर वेळ ठरवायची, दर दहा मिनिटांना चौघे, की झालं. नर्सबाई घड्याळ लावून यायच्या, खेळायच्या, हसत घरी जायच्या. छानच झालं की! पण साहेबांनी मला खांबावरून उतरवलं, तेव्हा मात्र माझं पित्त खवळलं. मामा म्हणाले, "राहू द्या ना साहेब, काय खाते ती?"

"मामा, यादी आहे ना आता? मग ही अडगळ कशाला?"

मी अडगळ! शेडमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे, फुटक्या बादल्यांच्या शेजारी मला उभं केलं. एका कोळ्यानं माझ्या तोंडाशी जाळं विणलं. शेडच्या खिडकीची काच फुटकी होती, तिच्यातून मला पहिल्या फटक्याची जागा दिसायची. न दिसती तर बरं झालं असतं.

कारण दोनच दिवसांनी शिंपीणबाई आल्या. हातात चेंडू घेऊन खांबापाशी उभ्या राहिल्या. पन्हळ कुठे गेली ते त्यांना कळेना. मामांनी खाली मान घालून सांगितलं, "बाई, आता आधी बुकिंग करावं लागतं."

"अहो, पण मी आठवडाभर आधी काय सांगू? मला आजचं आज सकाळी कळतं."

बाई चेंडू पिशवीत टाकून परत गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, पुन्हा परत गेल्या. तिसऱ्या खेपेलाही तेच. वहिनींनी दिलेले दोन तास येण्याजाण्यातच संपायचे. ती पाठमोरी बाई बघून माझा जीव तुटायचा.

चौथ्या खेपेला मात्र गंमत झाली. दहा वाजून दहा मिनिटांच्या वेळेला चार नावं होती, पण माणूस एकही आला नाही. पहिल्या फटक्याची जागा रिकामी. बाजूला शिंपीणबाई, ड्रायव्हर आणि डॉक्टर उभे. तिघेही न ठरवता आलेले. डॉक्टरांना दवाखान्यातून कधी सुटका होईल ते कुठे आधी ठाऊक असतं? मामांनी साहेबांना बोलावलं.

"यादी तर भरलेली आहे," साहेब हातातल्या टॅबवर बघत म्हणाले.

"यादी भरलीय, पण मैदान रिकामं आहे, साहेब. मान वर करून बघा तरी!"

साहेबांनी मान वर केली. मग पुन्हा टॅबवर बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. नाव नोंदवून न आलेल्यांत पहिलं नाव त्यांच्या मेहुण्यांचं होतं. "जमलं तर जाऊ" म्हणून ते दर आठवड्याला ही वेळ अडवून ठेवायचे, आणि जमायचं कधीच नाही.

मामा तडक शेडकडे आले. त्यांनी मला बाहेर ओढलं, खिशातल्या रुमालानं कोळ्याचं जाळं पुसलं आणि परत खांबावर बसवलं. "टाका बाई चेंडू!" ते असे ओरडले की दूरवर एकाचा फटका चुकला. लाल टाक्यांचा चेंडू माझ्या अंगावरून गडगडत गेला. काय सांगू मित्रांनो, मला भरून आलं.

तेव्हापासून नियम झाला. पाच मिनिटं वाट बघायची, नाव लावलेला आला नाही, तर त्याची जागा माझ्यातल्या चेंडूला. साहेबांनी तो स्वतःच्या हातानं लिहून फळ्यावर लावला. माणूस वाईट नव्हता, फक्त मान वर करायची सवय नव्हती.

शिंपीणबाईंना आता कधी खेळायला मिळायचं, कधी नाही. पण चेंडू टाकायला जागा होती. मग थंडी सुरू झाली आणि त्या यायच्याच बंद झाल्या. दीड महिना गेला. मामा रोज फाटकाकडे बघत राहायचे. शेवटी नर्सबाईंनी सांगितलं, की बाईंची ताई गेली.

त्या परत आल्या, तेव्हा वाळल्या होत्या. मी वाट बघत होते. पण त्यांनी माझ्यात चेंडू टाकलाच नाही. माझ्याजवळून सरळ पुढे गेल्या, हातातला मोबाइल मामांसमोर धरला आणि म्हणाल्या, "माझं बुकिंग आहे, मामा. नर्सबाईंनी शिकवलं."

बाईसुद्धा?

"बरं केलंत," मामा हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"हो. आता आठवडाभर आधी सांगता येतं मला. घरी आता कोणी माझी वाट बघत नाही."

मामांनी टॅब बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण बाई, ही तर चौघांची वेळ आहे. तुमच्या नावाखाली 'जो येईल तो', 'जो येईल तो', 'जो येईल तो', असं तीनदा लिहिलंय. हे तिघे कोण?"

"मला काय माहीत?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला विचारा. खालचे तीन घ्या."

माझ्या खालच्या टोकाला एक दाढ होती, एक चाक होतं, आणि एक कोरा करकरीत चेंडू होता. तो पहिल्यांदाच आलेल्या एका बुजऱ्या माणसाचा होता. आपल्याला कोणी बरोबर घेईल की नाही, म्हणून तो बिचारा मघापासून बाकाच्या कडेला बसला होता. बाईंनी पिशवीतून लाल पेन काढून त्याच्या हातात दिलं. "आधी खूण करा चेंडूवर," त्या म्हणाल्या, "नाहीतर डॉक्टर तुमचा चेंडू आपलाच म्हणून मारतील."

चौघे निघून गेले. मी किती तरी वेळ रिकामीच होते, पण मला एकटं वाटलं नाही.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, एका कडेला गंजही धरला आहे. वर्षातून एकदा कोणी हिरव्या रंगाचा हात फिरवला, तर मला हवाच आहे. पण तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. तुम्ही वेळ ठरवून या, नाहीतर मनात आलं म्हणून या, मला दोन्ही लाडकेच. फक्त येणार नसाल, तर तेवढं कळवा. इथे कोणीतरी दोन तास मागून आणून, चेंडू टाकून बसलेलं असतं.